नाना, भरिताला आम्ही आलो नाही

नाना,

परवा शाळेच्या पटांगणात तुमची शोकसभा झाली. सगळ्यांनी माझ्या हातात माइक दिला. म्हणाले, ताई, तुमचा आवाज मोठा, तुम्हीच बोला. चोवीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून कमावलेला आवाज आहे माझा, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचतो. त्या दिवशी तो माइकवरसुद्धा फुटेना. "नाना फार मोठ्या मनाचे होते," एवढं म्हणून मी खाली बसले. तुम्ही समोर असता तर लगेच म्हणाला असतात, "हे तं कोनीबी मेलं का म्हंतेत, बाई. तुझं काय ते बोल नं."

तर माझं काय ते हे आहे. गेल्या हंगामात आपला तापीकाठ संघ सातपैकी सहा सामने हरला. तुम्ही संघाचे मालक. आम्ही चाहते चिडलो आणि हंगामानंतरच्या तुमच्या भरिताला यंदा कोणी जायचं नाही असं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, मी ठरवलं. ग्रुपवर मेसेज टाकणारी मी. त्या दिवशी तुम्ही आम्हाला एक गोष्ट सांगणार होतात, ती राहून गेली. नंतर मी कितीदा तरी विचारलं, तुम्ही सांगितली नाही. आणि सतरा दिवसांपूर्वी तुम्ही निघून गेलात. आता ती मी कोणाला विचारू, ते तरी सांगायचं होतंत.

तुमची-माझी ओळखच मुळी आगाऊपणातून झाली. मी धुळ्याजवळच्या सोनगीरची लेक, लग्न होऊन असोद्याच्या पलीकडे तुमच्या गावात आले. नवरा क्रिकेटवेडा. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी मला सुट्टी होती म्हणून मॅचला घेऊन आला. टेनिस बॉलची लीग ती, जळगाव-धुळ्याकडचे आठ संघ, प्रत्येकाचा एक मालक. बाउंडरीला लागून दोनेकशे पुरुष उभे आणि बाईमाणूस म्हणून मी एकटी. तुमचा एक फिल्डर पार दोरीला चिकटून उभा होता. त्याच्यापुढे दोन कॅच पडले आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे." अख्खं मैदान हसलं. फिल्डर बिचारा खरंच पुढे सरकला आणि पुढच्याच ओव्हरला त्यानं कॅच धरला. तुम्ही तंबूतून उठून माझ्याकडे यायला निघालात तेव्हा नवरा हळूच चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "जय भीम, कंडक्टर बाई. पुढच्या रविवारीबी ये. फक्त आपली बॅटिंग असंल तवा गप ऱ्हाय." मी म्हटलं, गप बसायचं तर मी घरीच बसते की. तिथून आपलं जे सुरू झालं ते अकरा वर्षं चाललं.

आमच्या वस्तीतल्या माणसाला चारचौघांत स्वतःहून आधी जय भीम घालणारे गावात किती होते, ते तुम्हालाही माहीत होतं. मी त्याबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नाही. मी नुसती भांडत राहिले. आज सांगते, मला ते फार आवडलं होतं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं होतं मी, वेफर्सवाले नाना स्वतः उठून आले म्हणून. केळीच्या वेफर्सचा कारखाना असलेला माणूस आपल्यासाठी उठून येतो याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी शेजारणीला हाक मारून पुन्हा मला सांगायला लावलं.

आता भरिताचं. बाहेरच्या माणसाला ते समजत नाही. सोनगीरचा माझा भाऊ म्हणतो, मालकानं चाहत्यांना जेवण घातलं, त्यात काय एवढं. अरे, जेवण तर कोणीही घालतं. तुमच्या भरिताची तऱ्हा वेगळी होती. हंगाम संपला की, जिंको नाहीतर हरो, पुढच्या रविवारी तुमच्या शेतात असोद्याची वांगी यायची. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर ती भाजायची, सोलायची, आणि लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर मुसळानं ठेचायची. ठेचायचं काम तुम्ही करायचात, दुसऱ्या कोणाला मुसळाला हात लावू देत नव्हतात. तुम्ही ठेचत असताना आम्ही तुम्हाला बोलायचो. वर्षभराचं साचलेलं सगळं. तो बॉलर का घेतला, त्याला तिसऱ्या नंबरला का पाठवला, टॉस जिंकून बॅटिंग का घेतली. शेवटचा माणूस जेवून हात धुईपर्यंत तुम्ही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असा नियम. पहिल्या वर्षी कोणीतरी तुम्हाला बोललं, तुम्ही तिथंच मुसळ टाकून भांडायला उठलात, तेव्हा तुमच्या मंडळींनी, कमलकाकूंनी, तुम्हाला दम दिला होता म्हणे, की आधी लोकांना जेवू द्या, मग काय ते बोला. तुम्ही तो नियमच करून टाकलात.

आणि मग सगळ्यांचे हात धुऊन झाले की तुम्ही केळीचा एक कॅरेट पालथा घालून त्यावर बसायचात आणि एकेकाचं नाव घेऊन उत्तर द्यायचात. कोण काय बोललं ते सगळं लक्षात असायचं तुमच्या. कागद नाही, काही नाही. एका वर्षी मी बोलले होते, बायांनी मॅचला यायचं म्हणता, मग उन्हात उभं राहायचं आणि आडोशाला जायचं तर केळीच्या बागेत, ही कुठली रीत? तुम्ही ठेचता ठेचता नुसतं ऐकलंत. मग कॅरेटवर बसून दीडशे माणसांसमोर म्हणालात, "कंडक्टर बाई म्हंते ते बराबर हाय. चुकलो." पुढच्या हंगामाला मैदानावर ताडपत्रीचा मांडव होता, पत्र्याचं स्वच्छतागृह होतं आणि आम्ही सतरा बाया होतो. दर वेळी तुम्ही चुकलो म्हणायचात असं मात्र नाही. स्पिनरवरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. टेनिस बॉलला स्पिनर म्हणजे समोरच्याला आयतं ताट वाढून देणं, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, तुमच्याकडे धड स्पिनर नाही म्हणून असं वाटतं. ते भांडण तसंच राहिलं. बरं झालं राहिलं, निदान एका गोष्टीत तरी मी अजून हरलेली नाही.

चार वर्षांपूर्वी तुम्ही रायसिंगला आणलंत. सातपुड्याच्या पायथ्याचा तो, पावसाच्या भरवशावरची शेती, बाकीचे महिने घरचे सगळे इकडे केळी कापायला यायचे. तुमच्या शेजारच्या बागेत जेवणाच्या सुट्टीत फळीच्या बॅटनं खेळताना तुम्ही त्याला पाहिलंत. पहिल्या हंगामात त्यानं असे बॉल मारले की ते शोधायला बागेत माणसं पाठवावी लागायची. दुसऱ्या वर्षी तो कॅप्टन झाला. लागोपाठ दोन वर्षं कप आला आपल्याकडे. दुसऱ्या वर्षीचा कप तुम्ही ट्रॅक्टरवरून मिरवत आमच्या वस्तीत आणलात आणि माझ्या सासूबाईंच्या हातात दिलात. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कप पोटाशी धरून त्या विचारत होत्या, याच्यात चहा किती मावेल.

गेल्या हंगामात रायसिंगला काय झालं कोणास ठाऊक. पहिल्या मॅचला चार रन. दुसऱ्या मॅचला शून्य. तिसऱ्या मॅचला पहिलाच बॉल हवेत. चौथी मॅच कशीबशी जिंकलो, तीही दुसऱ्यांच्या जोरावर. आपल्याकडे जामनेरचा एक चांगला ओपनर बाहेर बसून होता, हातपाय मोकळे करत. सगळे म्हणत होते, रायसिंगला बसवा. सगळ्यांत जास्त मी म्हणत होते, आणि माझं म्हणणं पलीकडच्या बाउंडरीला ऐकू जातं. तो बॅट घेऊन निघाला की मी सुरू करायचे, "चला, येणारे येऊ द्या, उतरणारे उतरून घ्या." लोक हसायचे. लोक हसले की मला आणखी चेव यायचा. तो माझ्याकडे बघायचा नाही. मान खाली घालून जायचा आणि मान खाली घालून परत यायचा.

शेवटची मॅच धुळ्यात होती, धुळ्याच्याच संघाशी. मी ड्युटी बदलून घेतली होती. सोनगीरहून माझे दोन्ही भाऊ आले होते आणि ते अर्थातच धुळ्याच्या बाजूनं. रायसिंग ओपनिंगला आला. तिसऱ्या बॉलला त्याचा स्टंप उडाला. धाकटा भाऊ मला म्हणाला, "बहीण, तुमना कॅप्टन डोया मिटीसन खेयस का वं?" डोळे मिटून खेळतो म्हणे! माहेरच्या माणसांसमोर माझं तोंड काळं झालं. मी उठले, तरातरा तुमच्या तंबूत आले, आणि मला राग आला की माझी सोनगीरची बोली बाहेर येते, तशी ती आली. "नाना, तुमनं डोकं ठिकानावर शे का?"

तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही म्हणालात, "मॅच संपू दे, बाई."

मी मॅच संपू दिली नाही. मी बाहेर आले आणि आपल्या लोकांना म्हटलं, चला, उठा, घरी. अजून सहा ओव्हर बाकी होत्या. साठ-सत्तर माणसं माझ्यामागून उठली. मैदानातली आपली जोडी, तंबूतले बाकीचे खेळाडू आणि तुम्ही, सगळे आमच्या पाठीकडे बघत राहिलात. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी ग्रुपवर मेसेज टाकला. यंदा भरिताला कोणीही जायचं नाही, नानांना समजू द्या. पारोळा यायच्या आत शंभरावर अंगठे आले. मला इतका आनंद झाला होता, नाना, की आता आठवलं तरी लाज वाटते.

आम्हाला वाटलं, न जाणं म्हणजे सगळ्यांत मोठं बोलणं. आणि आपलाच नियम आम्ही विसरलो. आम्ही जेवलो नाही तर तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुमचं तोंड आम्हीच बंद केलं आणि वर महिनाभर गावात म्हणत फिरलो, बघा, नानांकडे उत्तर नाही.

त्या रविवारी मी ड्युटीवर होते. आमची गाडी तुमच्या शेतावरून जाते. साडेचार वाजले असतील. मी लांबूनच धूर पाहिला, पऱ्हाटीचा धूर, सरळ वर जात होता. सतरंज्या अंथरलेल्या दिसल्या. त्यांच्यावर कोणी नव्हतं. ड्रायव्हरनं विचारलं, ताई, आज नानांचं भरीत ना, तुम्ही गेला नाहीत? मी म्हटलं, माझी ड्युटी आहे. आणि तोंड फिरवून गाडीत तिकीट, तिकीट करत मागे निघून गेले. तिकीट काढायचं कोणाचंच राहिलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तुम्ही माझ्या गाडीत चढलात, धुळ्याला जायला. मी सरळ विचारलं, "नाना, रायसिंगला का खेळवलं?"

तुम्ही म्हणालात, "भरिताले आली असती तं समजलं असतं."

"मग आता सांगा."

"आता नाही. एकल्या तुले सांगून काय करू? सगळ्यायसमोर सांगायची गोष्ट हाय ते. पुढच्या भरिताले सांगतो."

मला वाटलं तुम्ही रुसलात. म्हातारपणी माणूस लहान होतो म्हणतात तसं काहीतरी. मी म्हटलं, नका सांगू, आमचं काही अडलेलं नाही. आणि पुढे अख्खा रस्ता मी तुमच्याकडे बघितलं नाही. धुळ्याला उतरताना तुम्ही नेहमीसारखं वेफर्सचं एक पाकीट माझ्या सीटवर ठेवलंत आणि गेलात. मी ते रागानं दोन दिवस फोडलं नाही. मग नवऱ्यानं फोडलं आणि आम्ही दोघांनी खाल्लं.

होळीला विचारलं, तेच उत्तर. मे महिन्यात तुमच्या पुतण्याच्या लग्नात पंगतीत विचारलं, तुम्ही माझ्या पानात जिलेबी वाढत म्हणालात, "पुढच्या भरिताले, बाई. धीर धर." पोळ्याला मी विचारलं नाही, तर तुम्हीच म्हणालात, "आज इचारलं नाही?" म्हणजे तुम्हाला त्यात मजाही येत होती. मलाही यायला लागली होती, खोटं कशाला बोलू. चुकलं म्हणायला किती वेळ लागतो? तुम्ही तर दीडशे माणसांत म्हणायचात. मी म्हणत होते, भरिताला म्हणू, सगळ्यांसमोरच म्हणू, म्हणजे नानांनाही बरं वाटेल. इतकं सगळं मी त्या एका रविवारवर ढकलून ठेवलं होतं. तुम्हीही तेच केलंत. आपण दोघंही किती शहाणे.

तुमच्या दहाव्याला मी काकूंपाशी बसले होते. काकू रडत नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि आपण होऊन त्या दिवसाचं सांगायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं. चाळीस किलो वांगी आणली होती म्हणे. दुपारपासून भाजत होतात. चार वाजले, पाच वाजले. काकू म्हणाल्या, कोणी येत नाही हो, आवरू या. तुम्ही म्हणालात, रविवार हाय, लोक झोपले असतील, येतील. मग लांबून एक जण चालत येताना दिसला. रायसिंग. दोन गाड्या बदलून आला होता, खांद्यावर घरच्या कांद्याच्या पातीची जुडी. तुम्ही दोघांनी मिळून चाळीस किलो वांगी सोललीत. तुम्ही ठेचलीत. दिवस मावळायच्या सुमाराला काकूंनी तुम्हा दोघांची पानं वाढली. रायसिंग जेवला. तुम्ही नुसते पानावर बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या बायांना डबे भरभरून भरीत दिलंत आणि तो विषय घरात पुन्हा काढला नाहीत.

"तुम्हाला तरी सांगितलं का काकू, काय सांगणार होते?" मी विचारलं.

"इचारलं होतं मी," काकू म्हणाल्या. "तं म्हने, तुले सांगून काय उपेग, तू कुठी त्याले शिव्या देल्या."

मी तिथून उठून बाहेर आले आणि तुमच्या ओट्याखाली उभी राहून रडले. चांगली मोठ्यानं रडले, माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. लोकांना वाटलं, नाना गेले म्हणून रडते. तेही होतंच.

काल माझी सुट्टी होती. मी रायसिंगच्या गावाला गेले. चोपड्याहून पुढे जीप, मग दोनेक किलोमीटर पायी. तो बायकोबरोबर कापूस वेचत होता. मला पाहून त्याला काही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. झाडाखाली बसवलं, पाणी दिलं. यंदा तो खेळणार नाही, असं त्यानं काकूंना आधीच कळवलं होतं.

मी म्हटलं, "रायसिंग, तो मेसेज मी टाकला होता."

तो म्हणाला, "माहीत आहे ताई. मी पण आहे ग्रुपमध्ये."

नाना, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मीच त्याला ग्रुपमध्ये घेतलं होतं. तो मेसेज वाचून, खालचे शंभर अंगठे बघून, तो दोन गाड्या बदलून तुमच्याकडे आला होता.

मग त्यानं सांगितलं. "तिसऱ्या मॅचनंतर मीच नानांना म्हटलं होतं, मला बसवा. लोक ओरडायला लागले की मला बॉलच दिसत नाही. नाना म्हणाले, नाही बसवणार. मी म्हटलं, का? तर म्हणाले, भरिताला सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो, तू पुढं येऊन बस." त्यानं शेजारच्या कापसाच्या गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "मी पुढं बसलो होतो ताई. मागं कोणी नव्हतं."

मला त्याच्याकडे बघवेना. मी त्या गाठोड्याकडे बघत राहिले. तुम्ही आमच्यासाठी उत्तर ठेवलंच नव्हतं, ते त्याच्यासाठी होतं. त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं, आम्ही सगळे ऐकत असताना, आमच्या तोंडावर, तुम्हाला त्याला ऐकवायचं होतं. आणि मी तुमच्यापुढे ऐकायला माणसंच येऊ दिली नाहीत. काय होतं ते, आता त्यालाही कधी कळणार नाही. माझ्या नवऱ्याला वाटतं, तुम्ही त्याला शब्द दिला असेल. काकूंना वाटतं, तुमचा जीव होता त्याच्यावर. मला काही वाटून उपयोग नाही. क्रिकेटच्या हिशोबानं तुम्ही चुकलातच, हे मी अजूनही म्हणते. जामनेरवाला खेळला असता तर दोन मॅच तरी आपण काढल्या असत्या. तुम्ही असता तर यावर पुन्हा भांडलो असतो, आणि मी जिंकले असते. पण मॅच जिंकायचं सोडून तुम्ही दुसरं काहीतरी बघत होतात, आणि ते काय हे विचारायला मी एक रविवार आले नाही.

मी रायसिंगला म्हटलं, "काकू संघ बंद करणार नाहीत. तू खेळायला ये."

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. "तुम्हीच तर म्हणत होता, बसवा."

"म्हणत होते."

"मग आता का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "नानांना माहीत होतं. मला तेवढं पुरे आहे."

त्याची बायको वेचता वेचता थांबून आमच्याकडे बघत होती. तो हातातल्या बोंडाची साल काढत राहिला. मग म्हणाला, "आणि परत शून्यावर आउट झालो तर?"

आता इथे मी खोटं बोलू शकले असते, नाना. नाही ओरडणार, टाळ्या वाजवीन, असं काहीतरी. पण त्याला माझा स्वभाव माहीत आहे आणि तुम्हालाही.

"तर मी ओरडेन," मी म्हटलं. "सगळ्यांत मोठ्यानं ओरडेन. पण मॅच संपेपर्यंत जागची उठणार नाही. आणि दुसऱ्या कोणाला उठू देणार नाही."

शेवटची जीप चुकेल म्हणून मला घाई होती, तर तो बांधापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "पहिली प्रॅक्टिस कधी आहे?"

नाना, जे मी त्याला म्हणाले ते तुम्हाला म्हणायचं होतं. धुळ्याच्या गाडीत, तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात तेव्हा. तुमच्याशी बोलायचं राहिलं, म्हणून त्याच्याशी बोलून आले.